मानेचं हाड, अखंड

चारुलताबाईंनी आयुष्यात कधी अंडंसुद्धा फोडलं नव्हतं. माहेर वाईचं, सासर सांगलीचं, आणि दोन्हीकडे कांदा-लसूणही बेतानंच. मुलींच्या शाळेत संगीत शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि विश्रामबागेतल्या बैठ्या घराच्या पुढच्या खोलीत गाण्याचे वर्ग घेऊ लागल्या. शाळेत मुली त्यांना वचकून असायच्या, तेही बाई ओरडत नसत म्हणून. चुकलेला स्वर त्या शांतपणे पुन्हा म्हणायला लावत आणि तो जागेवर येईपर्यंत घंटा झाली तरी सोडत नसत. यजमान विष्णुपंत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सकाळी आमराईच्या बागेत फेऱ्या, मग अंघोळ, पूजा, पोहे आणि वर्तमानपत्र, असा त्यांचा दिवस रुळावर घातलेला होता.

या घरात कुत्रा आणला तो मुलानं, शौनकनं. तो पुण्याला नोकरी करत होता. आटपाडीकडच्या एका मित्राच्या मेंढ्यांच्या कळपात जन्मलेलं पिल्लू त्यानं हौसेनं नेलं होतं. तेव्हा ते काखेत मावत होतं, म्हणून नाव ठेवलं टिल्लू. पुढे शौनकची बदली चेन्नईला झाली आणि तिथल्या घरमालकाला कुत्रा चालेना. थोडे दिवस सांभाळ म्हणून तो टिल्लूला आईकडे सोडून गेला. तोवर टिल्लूचं नाव तेवढं लहान राहिलं होतं. मागच्या पायांवर उभा राहिला की पुढचे पंजे थेट विष्णुपंतांच्या छातीवर यायचे.

स्वभावानं तो गरीब होता, पण त्याच्या जबड्याला काहीतरी काम लागायचं. पहिल्या आठवड्यात चपला गेल्या. मग टीव्हीचा रिमोट, मग मागच्या दाराची चौकट, मग विष्णुपंतांची फिरायला जायची काठी. चारुलताबाई प्रत्येक वेळी म्हणायच्या, लहान आहे, सुटेल सवय. विष्णुपंत नवीन काठी आणायचे आणि ती कपाटावर ठेवायचे. एका दुपारी मात्र पुढच्या खोलीतून विचित्र आवाज आला म्हणून बाई धावल्या, तर टिल्लू तंबोऱ्याजवळ बसून त्याची एक खुंटी दाढेत धरून मन लावून चावत होता. भोपळ्यालाही दातांच्या खुणा उमटल्या होत्या. हा तंबोरा वडिलांनी लग्नात दिलेला, मिरजेत करून घेतलेला. बाई खाली बसल्या आणि त्यांना रडूच आलं. टिल्लूनं खुंटी सोडली आणि त्यांचे डोळे चाटायला सुरुवात केली.

तंबोरा दुरुस्तीला मिरजेला गेला. विष्णुपंतांनी शौनकला फोन लावून शांतपणे सांगितलं, की कुत्र्याची दुसरीकडे सोय बघ. चारुलताबाईंनी फोन हातातून घेतला आणि म्हणाल्या, काही बघू नकोस, मी बघते.

त्या बाजारात गेल्या आणि कुत्र्यांच्या सामानाच्या दुकानातून हाडाच्या आकाराची, गाठ मारलेली चामड्याची कांडी घेऊन आल्या. टिल्लूनं ती तासाभरात मऊ चिकट करून टाकली, तिचा भला मोठा तुकडा गिळला आणि संध्याकाळी तो फुगलेला पांढरा गोळा बैठकीच्या जाजमावर ओकून टाकला. बाईंनी जाजम धुतलं आणि ती कांडी बाद केली.

घरी धुण्याभांड्याला हरणाबाई यायच्या. त्या जतकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या, कुत्र्यांमध्येच वाढलेल्या. टिल्लूवर त्यांचा फार जीव. हा आपल्या मुलखाचा आहे, असं त्या मोठ्या अभिमानानं सांगायच्या. बाईंची ही सगळी धडपड बघून त्यांना वाईट वाटलं आणि सोमवारी येताना त्यांनी आदल्या दिवशीच्या मटणाच्या रश्श्यातली हाडं धुऊन, पुडीत बांधून आणली. बाई वर्गात होत्या. हरणाबाईंनी मागच्या अंगणात पुडी सोडली. टिल्लूनं कडाकडा आवाज करत सगळं संपवलं. त्या दिवशी त्यानं कशालाच दात लावला नाही.

पण दुसऱ्या दिवशी तो खाईना. तिसऱ्या दिवशी पाठीला बाक काढून अंगणात कोपरा धरून बसला, कुंथत राहिला आणि हात लावला की कण्हायला लागला. सगळा मुलूख दवाखान्यासाठी मिरजेला जातो, तसे विष्णुपंतही गाडी काढून, टिल्लूला मागच्या सीटवर झोपवून बाईंसह मिरजेला निघाले. कुत्र्याची दुसरीकडे सोय बघ म्हणणारे विष्णुपंतच, पण गतिरोधक आला की ते गाडी अशी चालवत होते, जणू मागे बाळंतीण बसली आहे.

डॉक्टर अपूर्वा तरुण होत्या आणि भराभर बोलायच्या. त्यांनी पोटाचा एक्स-रे फोटो काढला आणि पडद्यावर दाखवला. आतड्याच्या शेवटच्या भागात हाडाच्या बारीक धारदार ढलप्या अडकून घट्ट बसल्या होत्या. भोक पडलं नव्हतं हे नशीब. एनिमा, सलाईन, औषधं आणि वाट बघणं. तिसऱ्या दिवशी टिल्लू मोकळा झाला आणि डॉक्टरांच्या टेबलाचा कोपरा चावायला लागला.

हरणाबाई ओशाळून दोन दिवस कामाला आल्याच नव्हत्या. चारुलताबाई स्वतः त्यांच्या घरी गेल्या. हरणाबाई म्हणाल्या, आमच्या रानातली कुत्री तर सगळी हाडं खायची. मग स्वतःच म्हणाल्या, "एक कुत्रं असंच कुंथून मेलं हुतं, बाई. आमी म्हटलं नजर लागली. पोटात काय हुतं ते कुणी बगितलंच न्हाई."

डॉक्टरांकडून निघताना बाईंनी विचारलं होतं, की मग आता याला हाड म्हणून द्यायचंच नाही ना. त्यांना सुटल्यासारखं वाटणार होतं. पण डॉक्टर म्हणाल्या, द्यायला हरकत नाही, मात्र शिजवलेलं कधीच नाही. शिजलं की हाड ठिसूळ होतं आणि त्याच्या सुया निघतात. कच्चं हाड लवचिक असतं, ते चुरडलं जातं. बकऱ्याच्या मानेचं किंवा छातीचं, मांस लागलेलं, त्याच्या तोंडात एका वेळी मावणार नाही एवढं मोठं. मोठ्या जनावराच्या पायाची नळी नको. ती दगडासारखी असते, तिच्यावर दाढ फुटते, आणि आतल्या चरबीनं पोट बिघडतं. काळीज, फुप्फुस असलं कच्चं तर अजिबात नको, त्यातून जंत होतात. आधी डीप फ्रीजरमध्ये राहू द्या, जंताचं औषध चुकवू नका, आणि फ्रीजरनं सगळे जंतू मरत नाहीत, तेव्हा हात आणि जागा साबणानं धुवा. देताना समोर बसा आणि लहान उरलं की काढून घ्या. बाकी कुठलीही चघळायची वस्तू घ्याल तर अंगठ्याचं नख दाबून बघा. नख रुतलं तर ठीक, नाही रुतलं तर ती दातांना जड.

चारुलताबाईंनी हे सगळं नवी बंदिश ऐकावी तसं ऐकून घेतलं. घरी येईपर्यंत त्या मनातल्या मनात घोकत होत्या. विष्णुपंत गाडीत बसून होते, त्यांनी यातलं काही ऐकलं नाही. आणि बाईंनीही ते सांगितलं नाही.

मटणाचं दुकान कुठे आहे हे त्यांना माहीत होतं, कारण इतकी वर्षं त्या तिथून जाताना पदर नाकाला लावून पलीकडच्या बाजूनं जात होत्या. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून त्यांनी गुरुवार निवडला. दुकानदार आकाराम रिकाम्या फळीसमोर बसून चहा पीत होता. त्यानं यांच्याकडे बघितलं, यांच्या कुंकवाकडे बघितलं आणि पत्ता चुकला असेल असं समजून विचारलं, की दवाखाना पाहिजे का, तो पुढच्या चौकात. बाईंनी घसा साफ केला आणि हाड पाहिजे म्हणून सांगितलं. आकाराम म्हणाला, गुरुवारी बकरं पडत नाही, बुधवारी या नाहीतर रविवारी.

बुधवारी त्या शटर उघडायलाच हजर झाल्या. मानेचा तुकडा म्हणाल्या आणि पुढचं बोलेपर्यंत आकारामनं सवयीनं सत्तूर चालवून मान बारीक केलीसुद्धा. ते लहान तुकडे उपयोगाचे नव्हते. त्यानं दुसरी मान काढली. ती अखंड हवी असं बाई म्हणाल्या, तेव्हा त्याला खरोखर काळजी वाटली.

"काकू, असा रस्सा उतरायचा न्हाई बगा. मसाला आत जाणार कसा?"

मग बाईंनी सगळं सांगितलं, कुत्र्यापासून मिरजेच्या फोटोपर्यंत. आकारामनं सत्तूर खाली ठेवला. त्याचीही समजूत अशीच होती, की कुत्र्याला नळीच भारी. दुकानामागच्या कुत्र्यांना तो नळ्याच टाकायचा. त्यातल्या एकाची दाढ फुटून गाल सुजला होता ते त्याला आठवलं. त्यानं ठरवून टाकलं, की काकूंचा माल आपल्या फ्रीजरमध्ये वेगळ्या डब्यात राहील, आणि दर खेपेला काकूंनी आधीचा गोठलेला न्यायचा, ताजा तिथं ठेवायचा.

विष्णुपंत सकाळी आमराईत गेले की बाई मागच्या अंगणात शेवग्याखाली प्लास्टिकचं जाजम अंथरायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी पिशवी चिमट्यानं उघडली आणि तोंड फिरवलं. टिल्लूनं ते हाड हुंगलं, दोन पंजांत उभं धरलं आणि डोळे अर्धे मिटून कुरतडायला लागला. बाई खुर्ची घेऊन समोर बसल्या, आधी दुसरीकडे बघत आणि मग हळूहळू त्याच्याकडेच बघत. वर्गात एखाद्या मुलीची तान अचानक सुटावी, तसा टिल्लूचा चेहरा सुटलेला होता.

अडचण आली ती परत घेताना. हाड लहान उरलं, बाईंनी हात पुढे केला आणि टिल्लू गुरगुरला. बाईंवर तो पहिल्यांदाच गुरगुरला होता. त्या जागच्या जागी थिजल्या. ओढून घेतलं असतं तर तो गिळून तरी मोकळा झाला असता नाहीतर चावला तरी असता. त्या उठल्या, आत गेल्या आणि पनीरचा तुकडा घेऊन आल्या. चार हातांवर थांबून पनीर दाखवलं. टिल्लूनं एकदा हाडाकडे, एकदा पनीरकडे बघितलं आणि उठून आला. पुढच्या खेपेपासून हेच चालू झालं. काही दिवसांनी तर बाई उठल्या की तो आपण होऊन हाड सोडून शेपूट हलवायला लागला. मग जाजम फिनेलनं धुवायचं, हात साबणानं दोनदा धुवायचे, अंघोळ करायची आणि पोह्यांचे कांदे चिरायला घ्यायचे. विष्णुपंत येईपर्यंत अंगण कोरडं झालेलं असायचं. घरातल्या वस्तू वाचायला लागल्या होत्या. कुत्रा सुधारला याचं श्रेय विष्णुपंत औषधांना देत होते.

एका बुधवारी मात्र दुकानात बाईंच्या मागेच अपेक्षा उभी होती. तिची मुलगी सृष्टी बाईंच्या वर्गात शिकायची. अपेक्षानं बाईंच्या हातातली पिशवी बघितली, नजर खाली केली आणि कोथिंबिरीची जुडी निवडत असल्यासारखं रिकाम्या टोपलीत बघत राहिली. बाईही काही बोलल्या नाहीत, आणि तिथंच त्यांची चूक झाली.

आठवड्याच्या आत आमराईत विष्णुपंतांना एका मित्रानं बाजूला घेतलं आणि आपुलकीनं विचारलं, वहिनींचे गुडघे फार दुखतात का. दुसरा म्हणाला, औषध म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही, पायाचं सूप खरंच लागू पडतं. तिसऱ्यानं त्यात मिरी किती घालायची तेही सांगितलं. विष्णुपंतांना काही कळेना. कळलं तेव्हा ते फेरी अर्धी टाकून घरी आले. टिल्लू शेवग्याखाली हाड धरून बसला होता आणि समोर चारुलताबाई.

ते ओरडले नाहीत. आत गेले, अंघोळ केली, पूजा केली, पोहे खाल्ले नाहीत. दुपारपर्यंत वर्तमानपत्र उघडून बसले. मग त्यांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं.

"मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणालो असतो."

"म्हणून नाही विचारलं," चारुलताबाई म्हणाल्या. "मला तरी कुठे आवडत होतं? पहिल्या दिवशी मला तोंड फिरवावं लागलं. पण तो मेंढ्यांमागं हिंडणाऱ्या कुत्र्यांच्या पोटी जन्मलाय, आपल्या घरात नाही. आपलं सोवळं त्याच्या दातांना कसं चालेल?"

विष्णुपंतांना हाडापेक्षा जास्त लागलं होतं ते वेगळंच. हिला आपली भीती वाटली, आणि तीही या वयात, हे त्यांना सहन होत नव्हतं. ते एवढंच म्हणाले, की लोक काय वाट्टेल ते बोलतात, निदान ते खोडून काढायला तरी मला खरं माहीत हवं.

पुढच्या हाडाच्या दिवशी ते आमराईत गेले नाहीत. आपली खुर्ची घेऊन शेवग्याखाली आले आणि बाईंच्या खुर्चीपासून जरा लांब ठेवून बसले. टिल्लू अर्धा तास जागेवरून हलला नाही. विष्णुपंतांनी खुर्ची थोडी पुढे घेतली.

"हा इतका वेळ गप्प बसलेला मी पहिल्यांदाच बघतोय," ते म्हणाले.

त्यानंतर विष्णुपंतांमधलं पाटबंधारे खातं कामाला लागलं. मांसाहार टाळून काही जमतं का याचा त्यांनी शोध घेतला आणि पोस्टानं हिमालयातल्या याकच्या दुधाची वाळवलेली कांडी मागवली. दूध म्हणजे कसं निर्मळ. पाकीट फोडून त्यांनी मोठ्या उमेदीनं बाईंच्या हातात दिली. बाईंनी अंगठ्याचं नख दाबलं. नख रुतलं नाही. त्यांनी जोर लावला, तर नखच दुमडलं. विष्णुपंतांनी स्वतःचं नख दाबून बघितलं, मग डॉक्टर अपूर्वांना फोन केला. त्यांनीही नको म्हणून सांगितलं. तोंड पडलेले विष्णुपंत दोन दिवस विचार करत होते. मग त्यांनी कुत्र्यांसाठीचं एक पोकळ जाड रबराचं खेळणं आणलं, त्यात बिनमिठाचा दहीभात ठासून भरला आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी तो गोठलेला दहीभात चाटून काढायला टिल्लूला सगळी दुपार लागली. विष्णुपंतांचा आनंद गगनात मावेना. शौनकला त्यांनी व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, संपूर्ण शाकाहारी, घरगुती.

तेव्हापासून घरात वाटणी झाली. हाडाचे दिवस बाईंचे, दहीभाताचे विष्णुपंतांचे. आणि आमराईतल्या मित्रांना विष्णुपंत न विचारताच कच्चं हाड आणि शिजलेलं हाड यातला फरक समजावू लागले. सृष्टीच्या आईला बाईंनी वर्गानंतर थांबवून सगळी हकिकत सांगितली. अपेक्षा हसून हसून खाली बसली, आणि मग तिनं आपल्या भावाच्या कुत्र्याबद्दल विचारलं. तो म्हातारा होता, दात हललेले. बाईंनी सांगितलं, त्याला हाड देऊ नका, आधी डॉक्टरांना दात दाखवा. घरात कुणी आजारी, औषधांवर असेल तर कच्चं मांस मुळीच आणू नका, हेही त्या विचारेल त्याला सांगायच्या. गाण्यात प्रत्येकाच्या गळ्याप्रमाणे पट्टी बदलते, तसं त्यांना हे सोपं वाटायचं.

शौनक दिवाळीला आला तेव्हा चेन्नईत कुत्रा चालणारं घर मिळाल्याचं सांगत होता. आईवडिलांनी एकमेकांकडे बघितलं. विष्णुपंत म्हणाले, तिथली हवा फार दमट, केसाळ जनावराला सोसायची नाही. विषय तिथंच संपला.

थंडीत चारुलताबाईंना ताप आला. डॉक्टरांनी आठवडाभर अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं. शनिवारी संध्याकाळी त्या म्हणाल्या, राहू दे, एक खेप चुकली तर काही बिघडत नाही. रविवारी सकाळी विष्णुपंतांनी कपाटावरची काठी घेतली, कापडी पिशवी घेतली आणि बाहेर पडले.

रविवारी आकारामच्या दुकानापुढे अर्धी सांगली उभी असते. विष्णुपंत रांगेत उभे राहिले, धुतलेल्या शुभ्र सदऱ्यात, कपाळावर गंध लावून. पुढच्या माणसानं वळून बघितलं, मागच्यानं घसा खाकरला. ओळखीच्या तीन जणांनी नमस्कार केला आणि विष्णुपंतांनी तिघांनाही नमस्कार केला. नंबर आला तेव्हा ते खणखणीत आवाजात म्हणाले, "बकऱ्याच्या मानेचं हाड. कच्चं. अखंड. सत्तूर लावायचा नाही."

आकारामनं हातातलं काम टाकलं. "आवं काका, तुमी? काकू बऱ्या हायत न्हवं?"

काकूंना ताप आहे असं कळल्यावर त्यानं डीप फ्रीजरमधला डबा काढला, आठवड्यापूर्वीचा तुकडा निवडून पिशवीत घातला आणि काकांनी पिशवी उघडूनसुद्धा बघू नये म्हणून वर दोन कागद गुंडाळले. विष्णुपंतांनी कागद सोडवला, तुकडा उजेडात धरला, सगळीकडून फिरवून बघितला आणि हा टिल्लूच्या तोंडापेक्षा लहान आहे, याहून मोठा द्या, असं सांगितलं. रांग थांबली होती, पण कुणी कुरकुरलं नाही. आकारामनं मोठा काढून दिला.

घरी आल्यावर त्यांनी जाजम अंथरलं, हाड दिलं, खुर्चीत बसले, लहान उरल्यावर पनीर दाखवून काढून घेतलं, अंगण धुतलं, हात तीनदा धुतले आणि पुन्हा अंघोळ केली. मग पेज करून ती बाईंच्या उशाशी आणून ठेवली. बाई डोळे मिटून पडल्या होत्या, पण अंगणातला सगळा आवाज त्यांनी ऐकला होता.

"आकाराम तुझी चौकशी करत होता," विष्णुपंत म्हणाले. "बुधवारीही मीच जाणार आहे. त्याला सांगून आलोय."

बाईंनी पेजेचा वाडगा हातात घेतला आणि विचारलं, "मीठ घातलंत का?"

विष्णुपंत मीठ आणायला स्वयंपाकघरात गेले. दहीभात करून करून त्यांचा हात बिनमिठाचा झाला होता.